पान एकशे सत्त्याऐंशीची तळटीप

पुस्तक चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर शामलाबाईला दुधात माशी शोधायची खोडच आहे, असं म्हणायला लोक मोकळे.

१९६३ साली मी धाराशिवच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. नेमणूक तात्पुरती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्सचा एक पेपर होता आणि वर्गात अकरा जण. कोणी परंड्याचा, कोणी कळंबचा, दोघं भूमचे. सगळे शेतकऱ्यांचे. इंग्रजी पुस्तक उघडलं की हे अकरा जण शोकसभेला आल्यासारखे बसत. त्या वर्षी मराठीतलं पुस्तक आलं आणि वर्गाला वाचा फुटली.

पुस्तकाचे लेखक विद्यापीठातले मोठे प्राध्यापक. त्यांचं नाव मी इथं घेत नाही, लेखकमहाशय म्हणते. रेडिओच्या व्हॉल्व्हमधली जाळी विजेच्या प्रवाहावर ताबा कसा ठेवते, हे इंग्रजीतून शिकवायला मला चार तास लागत. लेखकमहाशयांनी ते अर्ध्या पानात संपवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, जाळी म्हणजे रानात दारं धरणारा माणूस. तो पाणी स्वतः ओढत नाही, खोऱ्यानं इकडची माती तिकडे करतो, आणि अख्ख्या पाटाचं पाणी त्याचं ऐकतं. हे वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचा उत्तरेश्वर मोठ्यानं म्हणाला, “आत्तिच्या! एवढंच हुतं व्हय?” त्या दिवशी मी त्या पुस्तकावर खूश झाले. अजूनही आहे.

उणिवाही होत्या. मागे दिलेल्या गणितांच्या उत्तरांपैकी सहा चुकलेली. एका आकृतीत बॅटरीची टोकं उलटी. आणि मुख्य म्हणजे पुस्तकातली झाडून सगळी जोडणी भिंतीतल्या विजेवर चालणारी. आमच्या प्रयोगशाळेला भिंती होत्या, वीज नव्हती. दारासमोर खांब येऊन उभा होता. तार दिवाळीनंतर येणार होती. कुठल्या दिवाळीनंतर, ते कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आम्ही गावोगावच्या उतरलेल्या बॅटऱ्यांवर शिकत होतो. सरकारनं ग्रामपंचायतींना रेडिओ दिले होते. त्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद केलेली नव्वद व्होल्टची बॅटरी लागे. ती उतरली की गाव नव्या खोक्याची वाट बघत बसे, आणि माझे विद्यार्थी जुनं खोकं एस.टी.च्या टपावर टाकून माझ्याकडे आणत. दोन उतरलेली खोकी एकापुढं एक जोडली की आमचं भागायचं. पुस्तकात या प्रकाराबद्दल अवाक्षर नव्हतं. मी म्हटलं, जाऊ दे, माणसाला सगळं कसं सुचणार?

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला असेल. सकाळी प्रयोगशाळेच्या दारात एक गृहस्थ उभे राहिले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं खोकं. येरमाळ्याचे कोंडीराम, उत्तरेश्वरचे वडील. गावातला पंचायतीचा रेडिओ तेच सांभाळत. त्यांनी खोकं जपून खाली ठेवलं, मला रामराम केला आणि विचारलं, “बाई, एक इचारायचं हुतं. त्या पुस्तकवाल्या सायबाला माझं नाव कुनी सांगितलं?”

मला काही कळेना. “कुठल्या पुस्तकात तुमचं नाव आहे, मामा?”

“नाव न्हाय घातलं. पर म्याच हाय त्यो. पोरानं समद्या गावाम्होरं वाचून दावलं.”

उत्तरेश्वर कोपऱ्यात उभा राहून नखानं टेबलाचा रंग खरवडत होता. मी पुस्तक मागितलं. त्यानं एकशे सत्त्याऐंशी पान काढून दिलं आणि बोट ठेवलं. तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं: “खेड्यांतून शुष्क बॅटरी उन्हात तापवली म्हणजे ती पुन्हा भरते, असा अडाणी समज आढळतो. हा प्रकार दगडाला शेंदूर फासून पाऊस मागण्यासारखाच होय. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अशा मंडळींस हसून पुढे जावे.”

ही तळटीप मी वाचलीच नव्हती. परीक्षेत येण्यासारखी वाटली नाही म्हणून डोळ्यांखालून घातली नव्हती. मास्तरकीतला हा आळस मला त्या दिवशी फार लागला.

झालं होतं असं. बॅटरी उतरू लागली की कोंडीराममामा ते खोकं दुपारभर घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, उन्हात ठेवत. दिवस कलला की खाली आणत आणि रेडिओला जोडत. बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम होईपर्यंत रेडिओ बोलत असे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. दिवाळीत उत्तरेश्वर घरी गेला, त्यानं चावडीत बसून ती तळटीप वाचली आणि सगळ्यांदेखत बापाला म्हणाला, “आप्पा, हे अडाणी काम बंद करा. पुस्तकात छापलंय.” छापलंय म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. मामांनी खोकं माळवदावर नेणं सोडलं आणि येरमाळ्याचा रेडिओ त्या दिवसापासून मुका झाला. नवं खोकं पौषाशिवाय येणार नव्हतं.

“लोक हसत्यात, बाई,” मामा म्हणाले. “हसू द्या. पर मला खरं काय ते सांगा. म्या खुळा हाय का?”

यावर उत्तर देण्याचा एकच मार्ग मला ठाऊक होता. मी व्होल्टमीटर काढला. मामांचं खोकं जोडलं, त्यावर रेडिओइतकाच भार टाकला, काटा अठ्ठावन्नावर. प्रयोगशाळेतलं दुसरं एक तेवढंच उतरलेलं खोकं निवडलं, तेही अठ्ठावन्न. मामांचं खोकं अंगणात उन्हात ठेवलं, दुसरं आत सावलीत. नुसत्या विश्रांतीनंही बॅटरी थोडी सावरते, म्हणून ही खबरदारी. मग आम्ही सगळे दुपारी चारपर्यंत वाट बघत बसलो. मामांनी सोबतची भाकरी सोडली, अकराही जणांना चतकोर चतकोर दिली, मलाही दिली.

चार वाजता सावलीतलं खोकं एकसष्टवर होतं. उन्हातलं सत्तरावर.

वर्गात गलका झाला. मामा काट्याकडे नुसते बघत राहिले. आम्ही भार तसाच ठेवला आणि दर दहा मिनिटांनी आकडे लिहिले. दीड तासानं काटा परत एकोणसाठवर आला.

“मामा,” मी म्हटलं, “बॅटरी भरत मात्र नाही हं. उन्हानं आतला मसाला थोडा वेळ चांगलं काम करतो, एवढंच. पुस्तकात ‘भरत नाही’ लिहिलंय, ते खरं आहे.”

“आमी कवा म्हनलो भरती म्हून?” मामा एकदम उसळले. “भरली असती तर रोज उनात कशाला ठिवली असती? दीड घंटा चालती. आमाला दीड घंटाच पायजे!”

आता मला राग आला. लेखकमहाशयांनी आधी लोकांच्या तोंडी भलतंच वाक्य घातलं आणि मग त्या वाक्याबद्दल त्यांना अडाणी ठरवलं. हे विज्ञान नव्हे, ही बदनामी झाली. उत्तरेश्वरनं बापाचं खोकं घोंगडीत बांधलं, स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि स्टँडपर्यंत त्यांच्या मागे मागे गेला. दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. येरमाळ्याचा रेडिओ मात्र दुसऱ्या दिवसापासून बोलू लागला.

गोष्ट इथंच संपली असती, तर मीही पुढं गेले असते. पण महिन्याभरात विद्यापीठाचं पत्र आलं. हे पुस्तक तीन वर्षांसाठी नेमायचं होतं आणि प्रत्येक कॉलेजातल्या विषय शिकवणाऱ्याचा अभिप्राय हवा होता. आमचे विभागप्रमुख बाबूराव अभिप्राय लिहूनच घेऊन आले. बाबूराव सर हैदराबादेत उर्दूतून शिकलेले. सालस माणूस, पण साहेबांचं नाव निघालं की पाठीचा कणा कुठे ठेवला ते विसरत. कागदावर लिहिलं होतं: “पुस्तक सर्वथा निर्दोष असून विद्यार्थ्यांस अत्यंत उपकारक आहे.”

“दस्तखत करा, शामलाबाई, म्हणजे बात खतम.”

“निर्दोष नाही, सर.”

“अहो, कुठलं पुस्तक निर्दोष असतं? पण ध्यानात घ्या. जानेवारीत तुमच्या कायम नेमणुकीची मुलाखत आहे. विद्यापीठातर्फे समितीवर कोण येणार? या पुस्तकाचे लेखकच. तुमची नोकरी त्यांच्या हातात आहे.”

मी अभिप्राय घरी नेते म्हणाले. रविवारी तुळजापूरला गेले. आमचं घर पुजाऱ्यांचं, वडील मार्तंडतात्या शाळामास्तर. मला वाटलं, तात्या म्हणतील, पोरी, जरा दमानं घे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आपल्याकडे पोथीत नकलनविसाची चूक सापडली, तर त्यावर हरताळाचा पिवळा लेप लावून वर बरोबर अक्षर लिहितात. पोथीचा मान राखायचा म्हणूनच लावतात. रद्दीच्या कागदावर कोण हरताळ खर्चील?”

मग मी लिहायला बसले. आधी गुण लिहिले, हात आखडता न घेता. भाषा, दारं धरण्याचा दृष्टान्त, आकृत्यांचा क्रम, कठीण भागाआधी दिलेला धीर. दीड पान झालं. मग दोष. चुकलेली उत्तरं, उलटी बॅटरी, विजेविना प्रयोगशाळा असू शकते याचा विसर. चौथा दोष पान एकशे सत्त्याऐंशी. त्याखाली आमचे आकडे जोडले आणि लिहिलं, “निरीक्षण मूळचे श्री. कोंडीराम, येरमाळा, यांचे. आम्ही फक्त मोजले.” न्यायानं वागायचं म्हणून हेही लिहिलं, की बॅटरी चुलीशी कधीही ठेवू नये, कळंबच्या कस्तुराबाईंनी ठेवली, तेव्हा आतलं मेण वितळून चुलीत गेलं आणि घरभर धूर झाला. शेवटी मागणी केली: ही तळटीप काढल्याशिवाय पुस्तक नेमू नये.

बाबूराव सरांनी ते वाचून कपाळावर हात मारला. पण पत्र अडवलं नाही, पाठवलं. तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता.

जानेवारीत लेखकमहाशय आले. खोलीत ते, प्रिन्सिपॉल आणि बाबूराव सर. उंच, पिकल्या केसांचे, बोलणं गोड. माझा अभिप्राय त्यांच्यासमोर होता. पहिलं दीड पान त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि वाचताना त्यांचा चेहरा खुलला.

“दारं धरण्याचा दृष्टान्त आवडला म्हणता?”

“सर, पुस्तकात तेवढंच एक पान असतं, तरी मी ते नेमलं असतं.”

ते मोकळेपणानं हसले. मग पान उलटलं. “हे चौथं काय? अहो, विनोदानं लिहिलं होतं मी ते.”

“विनोद कळायला गावात रेडिओ चालू असावा लागतो. तो बंद पडला होता, तुमच्या विनोदामुळे.”

प्रिन्सिपॉल खोकले. मी सकाळपासून अंगणात ठेवलेलं खोकं आत आणलं, भार जोडला आणि व्होल्टमीटर लेखकमहाशयांपुढं सरकवला. “हे सकाळी सत्तावन्नला होतं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी स्वतः पाहिलंय. आता तुम्ही वाचा.”

त्यांनी चष्मा लावला. “अडुसष्ट,” ते म्हणाले. बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून बोलले, आणि त्या वेळी ते प्राध्यापक वाटले नाहीत. “माझे वडील टॉर्चचे सेल ठेवायचे उन्हात. वसतिगृहात आलो तेव्हा मीही खिडकीत ठेवले. शहरातली पोरं वर्षभर मला सूर्यनमस्कार म्हणून हाक मारत होती.”

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटण्याच्या आत राग होताच, तो आधी बाहेर आला. “सर, ती पोरं तुम्हाला हसली, म्हणून तुम्ही कोंडीराममामांना हसायचं? आणि वर उत्तरेश्वरला शिकवायचं, की बापाला हसून पुढे जा?”

त्यांचा चेहरा बंद झाला. चष्मा काढून त्यांनी घडी घातली. “बाई, हे वाढलेलं व्होल्टेज तात्पुरतं आहे. दीड तासात उतरतं, हे तुम्हीच लिहिलंय.”

“माझी नेमणूकही तात्पुरतीच आहे. म्हणून मी शिकवते ते खोटं ठरत नाही.”

“पुढच्या आवृत्तीत पाहू,” ते म्हणाले आणि बाबूराव सरांचा जुना कागद माझ्यापुढं ठेवला. “आज यावर सही करा. नेमणुकीचं काम लगेच आटोपून टाकू.”

“पुढची आवृत्ती तीन वर्षांनी येणार. तोवर अडाणी कोण राहणार?”

मी कागद तसाच ठेवला, खोकं उचललं आणि बाहेर आले. मी भ्यायले नव्हते असं म्हणायला मला आवडलं असतं, पण थोडी भीती होतीच.

मार्चमध्ये पत्र मिळालं. सत्र संपताच माझी नेमणूक संपणार होती. पुस्तक तीन वर्षांसाठी लागलं, तळटिपेसकट.

शेवटच्या तासाला मी वर्गाला स्पष्ट सांगितलं. पेपर लेखकमहाशय काढणार आहेत. मला शंका आहे की ते हा प्रश्न घालतील. घातलाच तर पुस्तकात आहे ते लिहा, गुण घ्या आणि पुढं जा. भांडण माझं आहे. तुमच्या घरच्यांनी तुम्हाला पदवी घ्यायला पाठवलंय, माझी बाजू लढवायला नव्हे. अकराही जणांनी माना डोलावल्या. इतक्या गुणी माना मी कधी पाहिल्या नव्हत्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

माझी शंका खरी ठरली. शेवटचा प्रश्न होता: “शुष्क बॅटरी उन्हात तापवण्याच्या अडाणी समजुतीचे खंडन करा. गुण पाच.”

निकाल लागला तेव्हा मी तुळजापूरला घरी बसले होते. उत्तरेश्वर पहिल्याच गाडीनं आला. ओट्यावर बसला, गुणपत्रिका माझ्या हातात दिली. उत्तीर्ण झाला होता. पहिला वर्ग तीन गुणांनी हुकला होता. तीन गुण! त्या पहिल्या वर्गावर त्याचं पुढचं शिक्षण अवलंबून होतं, हे मला माहीत होतं.

“शेवटच्या प्रश्नाला काय मिळालं?”

“शून्य,” तो म्हणाला. “बाबूराव सर पेपर तपासायला हुते, त्यांनी सांगितलं. अकराच्या अकरा जनांला शून्य. समद्यांनी आपलं आकडेच लिवले हुते. उनातलं सत्तर, सावलीतलं एकसष्ट. अन् खाली आप्पांचं नाव.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “मी काय सांगितलं होतं, उत्तरेश्वर?”

“पुस्तकातलं लिवा.”

“मग?”

“पाच मार्कांसाठी बापाला अडाणी लिवू व्हय, बाई? एकदा चावडीत म्हनलो, तेवढं बास झालं.”

मी उरलेला राग बाहेर काढला. “बरं, तुझं एक समजलं. बाकीच्या दहांचं काय? त्यांना काय पडलं होतं?”

एवढ्या शिकलेल्या बाईला हे कसं कळत नाही, अशा नजरेनं तो माझ्याकडे बघू लागला. “त्यांच्याबी घरला माळवद हाय की, बाई.”

मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि माजघरात उभी राहून रडले. नोकरी गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. तोंड धुऊन, तांब्या भरून बाहेर आले आणि त्याला म्हटलं, “शून्य मिळालं, तर मिळालं. लपवू नकोस. मान वर करून गावात सांग.”

“कवाच सांगितलं,” तो म्हणाला आणि तांब्या तोंडाला लावला.